शिरगणती आणि गुप्ततेचें वचन

सन १८८१ च्या फेब्रुवारी महिन्याची १७ वी तारीख. त्या रात्रीं हिंदुस्थानांतील माणसें एकाच वेळीं मोजण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला. आधींच्या कांहीं आठवड्यांत घरांना आंकडे घालून झाले होते, तक्तेही एकवार भरून झाले होते. मधल्या दिवसांत कोण जन्मलें, कोण वारलें, कोण परगांवीं गेलें आणि कोण पाहुणा म्हणून आला, एवढें त्या रात्रीं दारोदार हिंडून पडताळून पाहावयाचें होतें. हें काम करणारे लोक बहुधा गांवचेच असत. कोठें कुळकर्णी, कोठें शाळेचे पंतोजी, कोठें कचेरींतला एखादा कारकून. दार उघडलें कीं प्रश्नांना सुरुवात. नांव काय, वय किती, धर्म आणि जात कोणती, लग्न झालें आहे कीं नाहीं, मातृभाषा कोणती, जन्म कोठला, धंदा काय, लिहितांवाचतां येतें काय. आणि सर्वांच्या शेवटीं, घरांत कोणी आंधळें, बहिरेंमुकें, वेडसर किंवा महारोगी आहे काय?

हा शेवटचा प्रश्न ऐकतांना आजच्या श्रोत्याला कदाचित् कांहीं वाटणार नाहीं. परंतु ज्या घरांत लग्नाची मुलगी आहे आणि माजघरांत अंगावर चट्टा उठलेला चुलता बसला आहे, त्या घरच्या कर्त्या पुरुषाला तो कसा वाटला असेल याचा विचार करावा. उत्तर लिहून घेणारा मनुष्य कलकत्त्याचा लाटसाहेब नव्हता. उद्यां सकाळीं नदीवर भेटणारा शेजारी होता. सरकारला सांगितलेली गोष्ट सरकारपाशींच राहील, ही खात्री कोणी द्यावी आणि कोणी घ्यावी? शिरगणतीवर ग्रंथ पुष्कळ झाले. त्यांत कोटींचे आंकडे असतात, जातींचीं कोष्टकें असतात, नकाशे असतात. पण दारांत समोरासमोर उभ्या राहिलेल्या त्या दोन माणसांमधील कराराचा, म्हणजे "तुम्ही खरें सांगा, हें बाहेर कोणाला कळणार नाहीं" या वचनाचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. तो इतिहास मोठा विलक्षण आहे.

पहिली गोष्ट ही कीं, हें वचन फारसें जुनें नाहीं. पूर्वीं राजानें माणसें मोजलीं तीं बहुतकरून दोनच कारणांनीं: कर बसवावयाचा म्हणून, किंवा लढाईला माणसें हवीं म्हणून. बायबलाच्या जुन्या करारांत दावीद राजानें इस्रायलची मोजणी केली आणि त्यापायीं देशावर महामारी ओढवली अशी कथा आहे. तींत मोजले गेले ते तरवार धरूं शकणारे पुरुष. रोममध्यें नागरिकाला आपली मालमत्ता शपथेवर सांगावी लागे आणि तिच्यावरून त्याचा वर्ग ठरे. 'खानेसुमारी' हा मराठींत रुळलेला शब्दही फारसी आहे. खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजणी. जुन्या मराठी दप्तरांतून खानेसुमारीचे जे कागद सांपडतात त्यांच्यामागें बहुधा एखादी पट्टी उभी असे. मोजायला आला तो उद्यां मागायला येणार, हा रयतेचा तर्क अडाणीपणाचा नव्हता. तो पिढ्यांच्या अनुभवाचा होता.

विलायतेंतही निराळें नव्हतें. १७५३ सालीं पार्लमेंटांत माणसें मोजण्याचें एक बिल आलें, तेव्हां यॉर्कचे सभासद विल्यम थॉर्नटन यांनीं त्यावर आग पाखडली. देशाचें दुबळेपण शत्रूला कळेल, कर वाढतील, तरुणांना जबरीनें पलटणींत ओढतील आणि इंग्रज माणसाच्या स्वातंत्र्याचा शेवट होईल, असा त्यांचा एकंदर आक्षेप होता. बिल कॉमन्स सभेंत मंजूर झालें, पण लॉर्डांच्या सभेंत बुडालें. आणि इंग्लंडांत पहिली शिरगणती होण्यास १८०१ साल उजाडावें लागलें. गंमत अशी कीं त्याच सुमारास स्वीडनमध्यें गुप्ततेचा अगदीं उलट प्रकार चालू होता. तेथें १७४९ पासून पाद्र्यांकडून तक्ते मागवून लोकसंख्येची व्यवस्थित नोंद सुरू झाली. पण देशांत वाटलें होतें त्याहून फारच थोडीं माणसें आहेत असें दिसून येतांच सरकारनें तो आंकडाच कित्येक वर्षें दडवून ठेवला. म्हणजे पहिलें गुपित प्रजेचें नव्हे, राजाचें!

याहून नवलाची गोष्ट अमेरिकेची. दर दहा वर्षांनीं माणसें मोजलींच पाहिजेत असें घटनेंत लिहून ठेवणारें हें राष्ट्र. १७९० सालीं तेथें पहिली गणना झाली, आणि कायद्यानें अशी आज्ञा केली कीं भरलेल्या तक्त्यांच्या प्रती त्या त्या भागांतील दोन अत्यंत वर्दळीच्या जागीं चिकटवून ठेवाव्यात. कोणाच्या घरांत किती माणसें, किती गुलाम, हें येणाऱ्याजाणाऱ्यानें वाचावें आणि चूक दिसल्यास दाखवावी! त्या वेळीं तक्त्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचें नांव आणि माणसांची संख्या असे, म्हणून हें चाललें. पुढें जसजसे प्रश्न वाढत गेले, धंदा, उत्पन्न, आजार, शिक्षण यांच्या चौकशा सुरू झाल्या, तसतसे लोक बुजूं लागले. ही पद्धत एकोणिसाव्या शतकांतच बंद पडली, आणि सरतेशेवटीं १९१० सालीं अध्यक्ष टॅफ्ट यांनीं जाहीरनामा काढून देशाला अभय दिलें: या माहितीचा करांशीं, सैन्यभरतीशीं किंवा कोणताही कायदा अंमलांत आणण्याशीं संबंध नाहीं, आणि खरी माहिती दिल्यानें कोणाचेंही कसलेंही नुकसान होणार नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. हें अभय केवळ दयाबुद्धीनें दिलेलें नव्हतें. ज्याला भीति वाटते तो खोटें सांगतो, आणि खोट्या आंकड्यांवर राज्य चालत नाहीं. मुलींचीं वयें लपवलीं, तरुण मुलगे परगांवीं गेले म्हणून सांगितलें, उत्पन्न निम्म्यावर आणलें, तर लाखो रुपये खर्चून जमवलेले ते कागद रद्दीच्या भावाचे. गुप्ततेचें वचन ही गणनेची गरज आहे, कृपा नव्हे.

हिंदुस्थानांत तर ही गरज पहिल्याच दिवसापासून पुढें उभी राहिली. मुंबई शहराची पहिली मोठी गणना १८६४ सालीं झाली आणि तींत ८,१६,५६२ माणसें भरलीं. मग १८७२ च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांतून, पण एकाच दिवशीं नव्हे, पहिली शिरगणती झाली. तेव्हां आणि १८८१ सालीं ठिकठिकाणीं अफवा उठल्या. कोणी म्हणे नवा कर बसणार, कोणी म्हणे तरुणांना लढाईवर किंवा दूरच्या मजुरीवर धाडणार, कोणी म्हणे बाटवणार. संताळ परगण्यांत तर १८८१ सालीं एवढी खळबळ उडाली कीं बंदोबस्तासाठीं सैन्य हलवावें लागलें. १८५५ सालचें बंड आणि त्याचा झालेला मोड ज्यांच्या आठवणींत ताजा होता, त्या संताळांना आपलें नांव सरकारच्या कागदावर चढणें म्हणजे पायांत दोर अडकणें वाटलें, यांत त्यांचें काय चुकलें?

दुसरी अडचण घराच्या आंतली. घरंदाज स्त्रीचें नांव परक्या पुरुषाला सांगावयाचें कसें? उत्तरेकडे पडदा फार कडक. तिकडे कित्येक घरांत बायकांचें नांव विचारणें हाच अपमान समजला जाई. आणि महाराष्ट्रांतली गोष्ट कोणाला सांगावयास नको. नवऱ्याचें नांव घ्यावयाचें तर उखाण्यांत गुंफून, मंगळागौरीला किंवा लग्नाच्या पंक्तींत, तेंही दहा जणींनीं आग्रह केल्यावर. तीच बाई घरांत पुरुष मनुष्य नसतां ओटीवर आलेल्या कारकुनाला 'यजमानांचें नांव अमुक' असें ठणकावून सांगेल ही अपेक्षाच व्यर्थ. इंग्रज अधिकाऱ्यांनीं येथें शहाणपणा दाखवला. ज्या घरांत बायकांचीं नांवें सांगण्यास हरकत असेल, तेथें नांवाऐवजीं नुसतें 'स्त्री' असें लिहून पुढें जाण्याची मुभा गणकांना दिली. आंकड्याला माणूस लागतो, नांव लागत नाहीं, हें तत्त्व पुढें मोठमोठ्या न्यायमंदिरांतून सांगितलें गेलें. हिंदुस्थानांतल्या गणकांना तें ओटीवरच उमगलें होतें. आणखीही एक गोष्ट सोयीची झाली. इंग्रजी अमदानींत घरोघरचे भरलेले तक्ते, कोष्टकें तयार झाल्यावर, नष्ट करून टाकीत. वंशावळी शोधणारे लोक आज त्याबद्दल हळहळतात. इंग्लंडांत शंभर वर्षांपूर्वींचे तक्ते उघडून पणजोबांचा धंदा पाहतां येतो, तसें येथें करतां येत नाहीं. पण जो कागद उरलाच नाहीं तो कोणाच्या हातीं पडण्याचें भयही उरलें नाहीं. हा हिशेब करतांना हळहळ थोडी कमी करण्यास हरकत नाहीं.

कागद उरला आणि राज्यकर्त्याचें मन फिरलें, तर काय होतें, याचा दाखला पुन्हा अमेरिकेंतच मिळतो. टॅफ्टच्या जाहीरनाम्याला सात वर्षें झालीं नाहींत तोंच पहिलें महायुद्ध आलें, आणि सैन्यभरती चुकवणाऱ्या तरुणांचीं वयें ठरवण्यासाठीं शिरगणतीचे कागद खुले करण्यांत आले. पुढें १९२९ च्या कायद्यानें वचन पुन्हा घट्ट केलें. मग १९४१ च्या डिसेंबरांत जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. पश्चिम किनाऱ्यावर जपानी वंशाचीं सुमारें १,२०,००० माणसें राहत होतीं. कोणाची शेतवाडी होती, कोणाचें दुकान होतें, कोणी मासे पकडीत. त्यांतले जवळजवळ दोनतृतीयांश अमेरिकेंत जन्मलेले, म्हणजे जन्मतःच त्या देशाचे नागरिक. या सर्वांना घरांतून काढून कांटेरी तारांच्या आंतील छावण्यांत ठेवण्याचें ठरलें. कोणत्या शहरांत, कोणत्या गल्लींत, अशीं किती माणसें आहेत? उत्तर १९४० च्या शिरगणतींत तयार होतें. गणना खात्यानें घरांच्या एकेका चौकापर्यंत उतरणारीं कोष्टकें लष्कराला करून दिलीं. नांवें दिलीं नाहींत. नांवें न देतां काम भागलें. कायद्याचें अक्षर पाळलें गेलें आणि वचन मोडलें गेलें.

मग अक्षरही गेलें. १९४२ च्या मार्च महिन्यांत युद्धाधिकारांचा दुसरा कायदा होऊन गुप्ततेचें कलमच तात्पुरतें उठवण्यांत आलें. गणना खात्याकडून नांवें कधींच दिलीं गेलीं नाहींत, असें पुढें अनेक दशकें सांगितलें जाई. पण २००७ सालीं मार्गो अँडरसन आणि विल्यम सेल्त्झर या दोघां संशोधकांनीं जुन्या पत्रव्यवहारांतून दाखवून दिलें कीं, १९४३ सालीं वॉशिंग्टन शहरांतील जपानी वंशाच्या माणसांचीं नांवें आणि पत्ते गुप्त पोलिसांना पुरवले गेले होते. त्याच्या आधीं, २००० सालीं, गणना खात्याच्या प्रमुखांनीं त्या काळांतील खात्याच्या वागणुकीबद्दल जाहीर क्षमा मागितली. छावणींत बालपण काढलेल्या माणसांचे केस तोंपर्यंत पांढरे झाले होते.

अमेरिकेंत निदान वचन देणारें सरकार आणि मोडणारें सरकार एकच होतें. हॉलंडची गोष्ट याहून भयंकर आहे, कारण तेथें वचन देणारा एक आणि कागद हातीं पडलेला दुसराच. डच लोक व्यवस्थित स्वभावाचे. प्रत्येक नगरपालिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रहिवाशांची कायमची नोंदवही असे, आणि तींत धर्माचीही नोंद असे. ही शिरगणती नव्हे, तिची बहीण. शिरगणती दहा वर्षांनीं येते आणि जाते, नोंदवही रोज जागी असते. धर्माची नोंद कोणी दुष्टपणानें ठेवली नव्हती. देश सहिष्णु होता, ज्यू कुटुंबें तीन तीन शतकें तेथें सुखानें नांदत होतीं. मग लपवावयाचें कशाला? या नोंदींचा मुख्य तपासनीस याकोबस लेंट्स नांवाचा अधिकारी होता. कामांत चोख, नियमाला पक्का, प्रत्येक माणसाचें एक कार्ड आणि प्रत्येक कार्ड जागेवर, हा त्याचा ध्यास. मे १९४० मध्यें जर्मन फौजा आल्या. तोच अधिकारी त्याच चोखपणानें नव्या धन्याचें काम करूं लागला, आणि सहजासहजीं नक्कल करतां येऊं नये असें ओळखपत्र त्यानें तयार करून दिलें. जानेवारी १९४१ मध्यें ज्यूंनीं स्वतः कचेरींत येऊन नांव नोंदवावें असा हुकूम निघाला. बहुतेकांनीं तो पाळला, कारण नांव नोंदवहींत आधींच होतें. लपून काय उपयोग! देशांतील सुमारें १,४०,००० ज्यूंपैकीं १,०७,००० च्या जवळपास माणसें आगगाडींत भरून पूर्वेकडे धाडलीं गेलीं आणि त्यांतलीं सुमारें ५,००० परत आलीं. शेजारच्या बेल्जममध्यें व फ्रान्समध्यें मेलेल्यांचें प्रमाण पुष्कळच कमी राहिलें. याचीं कारणें अनेक आहेत, एकट्या नोंदवहीवर सारा दोष लोटणें न्यायाचें होणार नाहीं; परंतु त्या कारणांच्या यादींतून ती वगळणारा इतिहासकारही सांपडणार नाहीं.

ही गोष्ट त्या वेळच्या कांहीं डच लोकांनाही कळली होती. विल्लेम आरोंदेउस हा चित्रकार व लेखक आणि गेरिट व्हान डर व्हेन हा शिल्पकार, यांनीं कांहीं सोबती जमवले. २७ मार्च १९४३ च्या रात्रीं हे लोक पोलिसांचे पोषाख चढवून आम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीवर गेले. पहारेकऱ्यांना गुंगीचें औषध टोंचून त्यांनीं त्यांना शेजारच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेंत नेऊन ठेवलें, कारण माणूस कोणी मारावयाचा नव्हता. मग कार्डांचे खण उपसून जमिनीवर ढीग केले आणि सुरुंग लावला. आग विझवणारे बंब आले ते रेंगाळत, आणि आल्यावर त्यांनीं पाण्याचा असा मारा केला कीं आगींतून वांचलेलीं कार्डें पाण्यानें जावींत. एवढें करून आठ लाखांपैकीं सुमारें १५ टक्केच कार्डें नष्ट झालीं. दाबून भरलेला कागद लवकर जळत नाहीं. कटांतले लोक फितुरीनें पकडले गेले आणि १ जुलै १९४३ रोजीं बारा जणांना गोळ्या घालण्यांत आल्या. चित्रें काढणाऱ्या आणि मूर्ति घडवणाऱ्या माणसांनीं आपला जीव पणाला लावावा, तो एखाद्या तोफखान्यावर नव्हे, तर नांवांच्या कपाटावर! शत्रूचें हत्यार कोणतें, हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें.

खुद्द जर्मनींत १७ मे १९३९ रोजीं शिरगणती झाली, तेव्हां नेहमींच्या तक्त्याबरोबर एक जादा कार्ड घरोघर दिलें होतें. आजोबा-आजी, दोन्ही बाजूंचे मिळून चौघे, यांपैकीं ज्यू कोण कोण, हें त्यांत लिहावयाचें. आणि तें कार्ड बंद लखोट्यांत घालून द्यावयाचें, म्हणजे शेजाऱ्याला किंवा गणकाला दिसूं नये. गुप्ततेची एवढी काळजी! पुढें तीं कार्डें वंशपरीक्षा करणाऱ्या सरकारी कचेरीकडे गेलीं. ज्यूंना पकडण्याच्या याद्या मुख्यतः दुसऱ्या नोंदींवरून झाल्या असें संशोधक म्हणतात, तें खरें असेल. पण लखोट्याची आठवण जर्मन घराघरांत राहिली. त्यांतच गणनेचें काम यंत्रांवर गेलेलें होतें. हर्मन हॉलरिथ या अमेरिकनानें बनवलेलें भोंकें पाडलेल्या कार्डांचें यंत्र १८९० च्या अमेरिकन गणनेंत प्रथम वापरलें गेलें आणि पुढें युरोपांत पसरलें. शंभर कारकुनांना महिने लागत तें काम यंत्र दिवसांत करूं लागलें. पूर्वीं सरकारचा आळस आणि कागदांचा पसारा हेच प्रजेचें संरक्षण होतें, तें गेलें.

म्हणूनच १९८३ सालीं पश्चिम जर्मनींत शिरगणती जाहीर झाली तेव्हां देशभर काहूर उठलें. त्या तक्त्यांतले प्रश्न कांहीं फारसे खासगी नव्हते. पण कायद्यांत एक कलम असें होतें कीं, मिळालेल्या माहितीशीं नगरपालिकेची रहिवाशांची नोंदवही ताडून पाहून दुरुस्त करावी. म्हणजे गणनेचा कागद एका दाराने आंत येऊन दुसऱ्या दाराने कचेरींत जाणार. २७ एप्रिलला गणना व्हावयाची होती. देशाच्या घटना-न्यायालयानें १३ तारखेलाच ती थांबवली, आणि १५ डिसेंबर १९८३ रोजीं निकाल दिला. माणसें मोजण्यास कोर्टाची हरकत नव्हती. त्याचें म्हणणें असें कीं, आपल्याविषयीं कोणाला काय काय ठाऊक आहे हें ज्या नागरिकाला कळत नाहीं तो मोकळेपणानें वागेनासा होतो, सभेला जाण्यासही कचरतो; म्हणून आपली माहिती कोणाला व कशासाठीं द्यावी हें ठरवण्याचा हक्क मूळ त्या नागरिकाचा आहे. नोंदवही ताडण्याचें कलम रद्द झालें. दुरुस्त केलेल्या कायद्यानें गणना झाली ती १९८७ च्या मे महिन्यांत, तीही बरीच कुरकुर ऐकून.

भारतानें या बाबतींत कायदा केला तो जर्मनीच्या पुष्कळ आधीं. इंग्रजी राज्यांत प्रत्येक शिरगणतीपुरता तेवढा कायदा होई व संपे. १९३१ सालीं राष्ट्रसभेनें गणनेवर बहिष्कार पुकारला, ११ जानेवारीचा रविवार त्यासाठीं नेमला, आणि गुजरातेंतील कांहीं ठिकाणीं घरांवरचे आंकडे पुसले गेले. तो विरोध परक्या सरकारशीं असहकाराचा होता, गुप्ततेचा प्रश्न त्यांत दुय्यम. स्वातंत्र्य आल्यावर चित्र पालटलें. गृहमंत्री सरदार पटेल यांच्या कारकीर्दींत १९४८ चा कायमचा शिरगणती कायदा झाला. त्याच्या १५ व्या कलमांत वचन स्पष्ट शब्दांत आहे: गणकानें भरलेली वही किंवा कागद पाहण्याचा हक्क कोणासही नाहीं, आणि त्यांतील नोंद दिवाणी दाव्यांत पुरावा म्हणून चालणार नाहीं, फौजदारींतही, शिरगणतीबाबतचाच गुन्हा असल्याखेरीज, चालणार नाहीं. परवानगीवांचून माहिती फोडणारा गणक स्वतःच गुन्हेगार ठरतो. भाऊबंदकीच्या दाव्यांत कोणाचें वय, कोणाचें लग्न, कोण कोणाचा मुलगा, यासाठीं शिरगणतीची वही कोर्टांत ओढतां येत नाहीं. या कलमाची किंमत वकिलांना चांगली ठाऊक आहे.

पण याच कायद्याखालच्या पहिल्या गणनेंत, १९५१ सालीं, गृहखात्याच्या आज्ञेनें आणखी एक गोष्ट झाली. गणनेच्या चिठ्ठ्यांवरून राष्ट्रीय नागरिक नोंदवही उतरवून घेण्यांत आली: गांव, घर, घरांतील प्रत्येकाचें नांव, बापाचें किंवा नवऱ्याचें नांव, वय, धंदा. आसामांत या वह्या जिल्हाधिकाऱ्यांच्या व प्रांतांच्या कचेऱ्यांत ठेवलेल्या होत्या. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, पूर्व पाकिस्तानांतून चोरून आलेले लोक हुडकण्यासाठीं, त्या पोलिसांच्या हवालीं करण्यांत आल्या. म्हणजे गणकाच्या दारांतून आलेली माहिती दहाबारा वर्षांत ठाण्यावर पोहोंचली. या नोंदी पुराव्यांत धरतां येत नाहींत, असें पुढें तेथील उच्च न्यायालयानें १५ व्या कलमाच्याच आधारानें सांगितलें. तरीही वही कपाटांत राहिली. सुप्रीम कोर्टाच्या देखरेखीखालीं आसामांत नवी नागरिक नोंदवही तयार होऊं लागली तेव्हां नियम बदललेले होते आणि १९५१ चीच वही आतां पूर्वजांचा दाखला म्हणून पुढें आली. आजोबांचें नांव तींत असेल तर नातवाचा पाय जमिनीवर, नसेल तर दुसरे कागद शोधीत फिरावयाचें; आणि कांहीं जिल्ह्यांच्या वह्या तर हरवलेल्याच. ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं अंतिम यादी लागली. ३,३०,२७,६६१ अर्जदारांपैकीं १९,०६,६५७ जणांचीं नांवें तींत नव्हतीं.

येथें न्याय-अन्यायाचा निवाडा सोपा नाहीं. ज्या कागदानें १९६० नंतर एखाद्या कुटुंबाची झोंप उडवली, त्याच कागदानें २०१९ सालीं दुसऱ्या कुटुंबाला वांचवलें. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. १९५१ च्या फेब्रुवारींत ब्रह्मपुत्रेच्या कांठीं आपलें नांव, वय आणि धंदा सांगणाऱ्या शेतकऱ्याला, हें उत्तर अडुसष्ट वर्षांनीं आपल्या नातवाचें नागरिकत्व ठरवण्याच्या कामीं येईल असें कोणीही सांगितलें नव्हतें. ज्या कामासाठीं माहिती घेतली त्याच कामाला ती वापरावी, या साध्या बोलीचा येथें भंग झाला, तो कोणाच्या भल्याचा झाला तरीसुद्धां.

तसाच घोटाळा २०१० सालीं पुन्हा होण्यासारखा होता, आणि शहरांतल्या सुशिक्षित घरांनाही तो फारसा कळला नाहीं. त्या वर्षीं घरांची यादी करण्यास आलेल्या गणकाच्या हातांत दोन तक्ते होते. एक शिरगणतीचा, १९४८ च्या कायद्याखालचा; दुसरा राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचा, नागरिकत्वाच्या कायद्याखालीं २००३ सालीं केलेल्या नियमांचा. माणूस तोच, पेन तेंच, प्रश्नही बरेचसे सारखे. पण १५ व्या कलमाचें कवच पहिल्या कागदाला, दुसऱ्याला नाहीं. चहाचा पेला पुढें करून उत्तरें देणाऱ्या किती गृहस्थांनीं कोणता कागद कोणत्या कायद्याचा हें विचारलें असेल? खासगी जीवन हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनीं दिला तो त्यानंतर सात वर्षांनीं, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं.

२०२१ ची शिरगणती महामारीमुळें राहून गेली. १६ जून २०२५ रोजीं नव्या गणनेची अधिसूचना निघाली. बर्फाळ प्रदेश सोडून बाकीच्या देशासाठीं तिची तिथि १ मार्च २०२७ ठरवण्यांत आली, आणि १९३१ नंतर प्रथमच सर्वांची जात नोंदवण्याचा निर्णय झाला. वहीऐवजीं गणकाच्या हातांतील यंत्रावर उत्तरें टिपावयाचीं, इच्छा असेल त्यानें घरबसल्या आपली माहिती आपणच भरावयाची, अशीही योजना झाली. या गणनेला कायदा मात्र तोच, १९४८ चा. त्याचें १५ वें कलम जागेवर आहे. आणि ८ व्या कलमाला जोडलेलें तें जुनें परंतुकही, ओटीवरच्या गणकांच्या काळची आठवण करून देणारें, अजून तसेंच आहे: घरांतील स्त्रियांचीं नांवें सांगण्यास कोणी बांधलेला नाहीं, आणि आपल्या पतीचें, दिवंगत पतीचें किंवा रूढीनें जें घेतां येत नाहीं असें कोणाचेंही नांव सांगण्यास कोणतीही स्त्री बांधलेली नाहीं.